‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी



आजचा विषय पाहून काहींना वाटेल, हे तर संगणकवाल्यांचे काम. कुटुंबाच्या पानावर त्याचे काय? पण ज्या घरात मूल शिकते आहे, ज्या घरातून शिष्यवृत्तीचा, प्रवेशाचा, दाखल्याचा अर्ज भरायचा आहे, त्या प्रत्येक घराच्या दाराशी हा विषय येऊन उभा राहिला आहे. पूर्वी खिडकीवर माणूस नसे. आता माणूस असतो, पण ‘नेट’ नसते. आपण मात्र तेव्हाही परत येत होतो आणि आजही परत येतो.

मी एका कार्यालयात लिपिक आहे. शिक्षण बीकॉम. टेबल आवक-जावकचे. संगणक शिकलो तो नोकरीत, गरजेपुरता. संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. तिथे देणगीतून आलेला एक जुना संगणक आहे, भिंतीवर राऊटर आहे आणि मुलांचे ऑनलाईन अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आहे. हे काम करताना माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगितल्याशिवाय पुढचे चार शब्द सांगण्याचा मला अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. पदविका प्रवेशाच्या पहिल्या फेरीचा ऑप्शन फॉर्म भरण्याचा तो शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी पाचची. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून अभ्यासिका उघडली. तीनच्या सुमारास दोन मुले आली. मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते. मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. संगणक लावला, पण साईट उघडेना. पुन्हा केले, तरी उघडेना.

आमच्या कार्यालयात नेटवर्क दुरुस्त करायला एक माणूस येतो. तो संगणकावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात ‘पिंग’ असे टाइप करतो, हे मी पाहून ठेवले होते. मुलांसमोर मीही ऐटीत तसेच केले. पिंग, आणि पुढे त्या साईटचे नाव. खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. ती मी नीट वाचलीसुद्धा नाही. उत्तर आले नाही एवढे पाहिले आणि निकाल देऊन टाकला, “सर्व्हरच बंद आहे. सगळ्यांचाच बंद असणार. मुदत वाढवतील. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. म्हणाली, “काका, साईट तर चालू होती. मी घरी जाऊन दादाच्या मोबाईलवर भरला.”

मुलाने भरला नव्हता. का रे, असे विचारले तर खाली मान घालून म्हणाला, “तुम्हीच म्हणालात ना काका, सर्व्हर बंद आहे म्हणून.”

मुदत वाढली नाही. पहिली फेरी हातची गेली. दुसऱ्या फेरीपर्यंत जवळच्या कॉलेजातली त्याला हवी ती जागा भरून गेली होती. त्याला मिळाले ते दुसऱ्या तालुक्यातले कॉलेज. तेव्हापासून तो रोज सकाळी सहाची एसटी पकडतो. त्याच्या आईवडिलांनी मला एका शब्दानेही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

त्या दिवशी माझ्या खिशात मोबाईल होता. त्यावर तीच साईट उघडून पाहावी, एवढीही बुद्धी मला झाली नाही. का झाली नाही? कारण मला उत्तर सापडले आहे, असे मला वाटत होते. अर्धवट माहिती असलेला माणूस असा असतो. अजिबात माहिती नसती तर मी दोन जणांना विचारले असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. मी शाळेत असताना एका दाखल्यासाठी वडिलांबरोबर एका कार्यालयात सहा खेपा घातल्या होत्या. प्रत्येक खेपेला वडिलांचा रोज बुडे. खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणे, “साहेब नाहीत, उद्या या.” साहेब खरोखर नाहीत का, हे आम्ही पाहू शकत नव्हतो. तेव्हा मी ठरवले होते की उद्या मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो तर कुणाला असे म्हणणार नाही. आणि मी म्हटले. तेही आपल्याच वस्तीत, आपल्याच मुलांना.

माझा भाचा एका नेटच्या ठेकेदाराकडे कामाला आहे. खांबावर चढून तारा ओढायच्या, घरोघर जोडण्या द्यायच्या. त्या रविवारी त्याला बोलावून घेतले आणि सगळे सांगितले. त्याने विचारले, “मामा, ती ओळ काय होती?”

“आठवत नाही.”

अभ्यासिकेच्या संगणकाची खोड तोवर गेलेली नव्हती. त्याने पुन्हा तेच टाइप केले, पुन्हा तीच ओळ आली. “वाचा,” म्हणाला. मी वाचली. त्या ओळीचा अर्थ असा होता की, या नावाचे यंत्र सापडले नाही, नाव तपासून पुन्हा प्रयत्न करा.

“आता सांगा मामा, सर्व्हर बंद आहे असे यात कुठे लिहिले आहे? यात म्हटले आहे की नावावरून पत्ता सापडला नाही. तुमचे पत्र घरातून निघालेच नाही. मग समोरचा जागा आहे की झोपला आहे, हे तुम्हाला कसे कळणार?”

आयुष्य पत्रांची नोंद करण्यात गेले आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्या दिवशी भाच्याने जे शिकवले ते मी माझ्या भाषेत, म्हणजे आवक-जावकच्या भाषेत सांगतो.

नेटवर जे जाते ते लहान लहान पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. हा पत्ता आकड्यांत असतो. पिंग म्हणजे एक कोरे पाकीट पाठवून पोच मागणे. पोच किती वेळात आली ते मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, कळते. विंडोजवर पिंग चार पाकिटे पाठवते आणि शेवटी किती गेली, किती पोचली, किती हरवली याचा हिशेब मांडते. बीकॉमवाल्याला आवडावा असाच तो ताळेबंद आहे.

हे पिंग कुणी केले? माईक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने, डिसेंबर १९८३ मध्ये. तो मेरीलँडमध्ये अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. तिथले नेटवर्क विचित्र वागू लागले म्हणून त्याने घाईघाईत हा छोटासा प्रोग्राम लिहिला. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधतात, त्या यंत्राच्या आवाजावरून त्याने पिंग हे नाव ठेवले. २००० साली रस्ते अपघातात तो गेला, पण त्याचे पिंग आज जवळजवळ प्रत्येक संगणकात आहे. त्यासाठी कुणाला पैसा मोजावा लागत नाही.

म्यूसने सांगून ठेवलेला एक किस्सा फार बोलका आहे. एका ठिकाणचे नेटवर्क मध्येच बंद पडे, मध्येच चालू होई. तिथल्या माणसाने अशी युक्ती केली की दर पोचेसरशी संगणकाने मोठ्याने ‘पिंग’ असे बोलावे. स्पीकरचा आवाज चढवला आणि तो इमारतभर फिरत एकेक जोडणी हलवून पाहू लागला. जिथे हलवताच आवाज थांबला, तिथे दोष सापडला. दोष शोधायचा तो असा, जोडणी जोडणी हलवून. खुर्चीत बसून निकाल देऊन नव्हे.

भाच्याने मला चार प्रश्न क्रमाने विचारायला शिकवले. जवळून सुरुवात करायची आणि लांब जायचे. विंडोजच्या संगणकात स्टार्टच्या शोधात सी-एम-डी ही अक्षरे टाकली की काळी खिडकी उघडते. आज्ञा इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या.

पहिला प्रश्न : माझ्या संगणकाला पत्ता मिळाला आहे का? त्यासाठी ‘आयपीकॉन्फिग’. बहुतेक घरांत उत्तरात १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. कुठे कुठे तो १० ने सुरू होतो. पण १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर समजावे की राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि संगणकाने स्वतःच काहीतरी लावून घेतला आहे. मग आधी वायर पाहावी. त्याच यादीत ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून एक पत्ता असतो. तो आपल्या राऊटरचा.

दुसरा प्रश्न : घराच्या दारापर्यंत वाट आहे का? पिंग आणि पुढे तो गेटवेचा पत्ता. पोच आली तर संगणक ते राऊटर ठीक. नाही आली तर दोष बहुधा घरातच आहे. कंपनीला शिव्या देण्याआधी वायर आणि राऊटर पाहावा.

तिसरा प्रश्न : गल्लीबाहेर वाट आहे का? पिंग ८.८.८.८. हा गुगलने २००९ पासून सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या एका सेवेचा पत्ता आहे. लक्षात राहायला सोपा. इथून पोच आली तर आपली लाईन चालू आहे. दुसरी पोचली आणि तिसरी नाही, तर बिघाड बहुधा कंपनीच्या बाजूला.

चौथा प्रश्न : नावावरून पत्ता सापडतो का? त्यासाठी ‘एनएसलुकअप’ आणि पुढे साईटचे नाव. माणसाला नाव लक्षात राहते, यंत्राला आकडे लागतात. नावापुढे आकडा लिहिलेली वही कुणीतरी ठेवावी लागते. सुरुवातीच्या काळात साऱ्या नेटवर्कसाठी अशी एकच यादी होती. ती कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी हाताने अद्ययावत ठेवत. नवे यंत्र जोडले की त्यांना कळवायचे, मग त्या नोंद करायच्या. म्हणजे आमच्यासारखेच रजिस्टरचे काम. यंत्रे वाढली तशी एक वही पुरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी जगभर वाटून ठेवलेल्या वह्यांची पद्धत आखली. आज आपण तीच वापरतो.

आमच्या अभ्यासिकेत पहिल्या तीन प्रश्नांना पोच आली. चौथ्याला आली नाही. लाईन उत्तम होती, साईट उत्तम होती. आमचा संगणक ज्या वहीत पत्ता शोधत होता, ती वही उत्तर देत नव्हती. भाच्याने सेटिंगमध्ये जाऊन त्या वहीच्या जागी ८.८.८.८ भरले. ते आकडे वहीचेच आहेत, गुगलने ठेवलेल्या वहीचे. साईट लगेच उघडली. दोन मिनिटांचे काम. त्या दिवशी आमच्याकडे दोन तास होते.

चारही प्रश्नांना पोच आली आणि तरी साईट उघडत नसेल, तर पाचवी आज्ञा : ‘ट्रेसर्ट’ आणि पुढे साईटचे नाव. आमच्या कार्यालयातली फाईल टेबलाटेबलावरून जाते, तसे पाकीट यंत्रायंत्रावरून जाते. कुठली फाईल कायमची फिरत राहू नये म्हणून प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक टेबल त्यातून एक वजा करते. शून्य झाले की पाकीट तिथेच संपते आणि ते टेबल पाठवणाऱ्याला तशी चिठ्ठी धाडते. (आमच्या फायलींनाही ही सोय असती तर!) व्हॅन जेकबसन नावाच्या बर्कलेच्या शास्त्रज्ञाने याचाच उपयोग केला. आधी एका टेबलाचे आयुष्य देऊन पाकीट पाठवायचे. पहिल्या टेबलाची चिठ्ठी येते. मग दोन, मग तीन. असे करत वाटेतल्या टेबलांची यादी तयार होते आणि चिठ्ठ्या कुठून पुढे येत नाहीत ते दिसते.

आता सावधगिरीचे तीन शब्द, कारण अर्धवट माहितीची किंमत मी पाहिली आहे.

एक, पोच नाही म्हणजे समोरचा बंद, असे नाही. पुष्कळ मोठ्या साईट सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत. ट्रेसर्टमध्येही मधली काही टेबले चिठ्ठी पाठवत नाहीत, तिथे नुसत्या चांदण्या दिसतात. गप्प बसलेला माणूस मेलेला नसतो. म्हणून शेवटी दुसऱ्या जोडणीवरून, म्हणजे मोबाईलच्या नेटवरून, साईट उघडून पाहावीच.

दोन, कुणी अनोळखी माणूस फोन करून काळी खिडकी उघडायला सांगत असेल, तर फोन ठेवावा. ‘नेटस्टॅट’ नावाची एक आज्ञा आहे. आपला संगणक कुणाकुणाशी जोडलेला आहे ते ती दाखवते. तिच्यात ‘फॉरेन अ‍ॅड्रेस’ असा रकाना असतो. त्याचा अर्थ फक्त पलीकडच्या टोकाचा पत्ता. पण ठग तोच रकाना दाखवून म्हणतात, परदेशी चोर तुमच्या संगणकात शिरले आहेत, पैसे भरा. आपल्या साध्या माणसांना हे माहीत असले पाहिजे.

तीन, या आज्ञा आपल्या जोडणीची विचारपूस करण्यापुरत्या वापराव्यात. कार्यालयातल्या संगणकाची सेटिंग परवानगीशिवाय बदलू नये. विचारणे वेगळे आणि बदलणे वेगळे.

गेल्या वर्षी एके सकाळी कार्यालयात ‘सिस्टीम डाऊन’ झाली. बाहेर रांग लागलेली. शेजारच्या टेबलावरचे सहकारी खिडकीकडे वळून म्हणणारच होते, “उद्या या.” मी म्हटले, “थांबा, भाऊसाहेब, पाच मिनिटे द्या.” आयपीकॉन्फिग केले. १६९.२५४. माझ्याच संगणकाला पत्ता नव्हता आणि पलीकडच्या दोघांनाही नव्हता. खाली वाकून पाहिले, तर सकाळी झाडताना टेबलाखालच्या डबीची वायर निसटलेली. ती लावली. दहा मिनिटांत रांग पुढे सरकली. रांगेत एक म्हातारी आजी होत्या. त्यांना काही कळले नाही आणि कळायची गरजही नव्हती. त्यांचा एक दिवस वाचला.

अभ्यासिकेत आता राऊटरखाली एक कागद चिकटवला आहे. त्यावर चार प्रश्न मराठीत आणि आज्ञा इंग्रजीत. शेजारी एक वही टांगली आहे. नेट गेले की तारीख, वेळ, कोणत्या प्रश्नापर्यंत पोच आली आणि कुठे थांबली, हे लिहायचे. ही वही ती मुलगीच सांभाळते, दादाच्या मोबाईलवर अर्ज भरणारी. पूर्वी आम्ही कंपनीला फोन करायचो, “नेट चालत नाही.” पलीकडून उत्तर ठरलेले : राऊटर बंद करून चालू करा. परवा तिने फोन केला आणि वही समोर धरून सांगितले, “राऊटरपर्यंत पोच येते. त्यापुढे सकाळी नऊपासून निम्मी पाकिटे हरवत आहेत. काल संध्याकाळीही असेच झाले.” पलीकडचा माणूस क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, “ताई, दुपारपर्यंत माणूस पाठवतो.” माणूस आला. खांबावरची जोडणी पावसाने खराब झाली होती.

तो मुलगा सुट्टीच्या दिवशी अभ्यासिकेत येतो. दुसरे वर्ष चालू आहे. एकदा मी त्याच्याजवळ मन मोकळे केले. म्हटले, “बाळा, माझ्यामुळे तुला रोज एवढा प्रवास पडतो.” तो म्हणाला, “काका, एसटीत अभ्यास होतो.” हे त्याचे मोठेपण. माझी चूक त्याने पुसली जात नाही.

बंधू-भगिनींनो, यातली प्रत्येक आज्ञा घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी असे मी म्हणत नाही. पण घरात शिकणारी एक मुलगी, एक मुलगा असेल तर त्याला किंवा तिला एका सुट्टीत हे चार प्रश्न संगणकावर करून पाहायला सांगा. खर्च काहीच नाही. आणि कुठल्याही खिडकीवर कुणी म्हणाले, “नेट नाही, उद्या या,” तर भांडू नका. नम्रपणे एवढेच विचारा, “साहेब, कुठपर्यंत पोच येते, ते पाहिले का?”

आमच्या अभ्यासिकेत हा नियमच केला आहे. चार प्रश्न विचारून झाल्याशिवाय आणि मोबाईलवर पाहिल्याशिवाय ‘उद्या या’ म्हणायचे नाही. कागदावर खाली तो लिहिला आहे. अक्षर माझे आहे.